तंगूस उचलणारी काठी

प्रस्तावना

आमच्या लहानपणी मालवणात गरवायला काठी लागत नसे. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला गरी, वीतभर वर शिसं आणि गरीला कोळंबीचा तुकडा, एवढ्यावर काम भागायचं. खडकावर उभं राहून तंगूस गरगर फिरवायचा, पाण्यात भिरकावायचा आणि तर्जनीवर त्याचा ताण घेऊन बसायचं. लाटेची ओढ वेगळी, खेकड्याची कुरतड वेगळी, खडकात अडकलेली गरी वेगळी आणि मासा वेगळा, हे सगळं त्या एका पेरात ओळखू यायचं. ज्याचं बोट शहाणं तो गरवणारा. काठीवाले लोक आम्हाला हौशी वाटत, आणि बूच लावून बसणारे तर त्याहून हौशी.

तेच शहाणं बोट घेऊन मी मिनेसोटात आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात एका मोठ्या दुकानात जाऊन ‘सगळ्यात जास्त कळणारी’ काठी मागितली. साडेपाच फुटी, ग्रॅफाइटची, करंगळीवर तोलून धरता येईल इतकी हलकी काठी मिळाली. दांड्यावर ‘अल्ट्रालाइट’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं. लहान माशाला लहान काठी, असं दुकानातला मुलगा म्हणाला. मला ते पटलं. पॅनफिशसाठी काठी हवी म्हटलं की आजही बहुतेक ठिकाणी असंच काहीतरी हातात ठेवतात. ही पुस्तिका त्या काठीवर रागावून लिहिली आहे. खरं तर काठीचा दोष नव्हता. चुकीच्या कामाला मी ती जुंपली होती.

ज्यांना या माशांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पॅनफिश हे एका माशाचं नाव नव्हे. तळणीच्या पॅनमध्ये अख्खा मावेल असा गोड्या पाण्यातला चवीचा मासा म्हणजे पॅनफिश. उत्तर अमेरिकेत या नावाखाली मुख्यतः सनफिशच्या घराण्यातली मंडळी येतात. ब्लूगिल हा त्यातला सगळ्यात ओळखीचा: तळहाताएवढा, चपटा, कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका, आणि नर असेल तर विणीच्या दिवसांत छाती शेंदरी झालेली. इलिनॉयचा तो राज्यमासा आहे. पम्पकिनसीड त्याचा नटवा भाऊ, गालावर निळ्या नागमोडी रेघा काढलेला. क्रॅपी आकाराने मोठा, चंदेरी अंगावर काळे शिंतोडे, तोंड भलतंच मोठं. इकडे उत्तरेत त्याला ‘क्रॉपी’ म्हणतात, दक्षिणेत ‘क्रॅपी’, आणि लुइझियानात त्याला फ्रेंच वळणाचं तिसरंच नाव आहे. मी मिनेसोटाचं मीठ खातो, म्हणून या पुस्तिकेत क्रॉपी. यलो पर्च सनफिशच्या घराण्यातला नाही, पण पिवळ्या अंगावर गडद उभे पट्टे घेऊन तोही याच पंगतीला बसतो.

हे मासे मोठे होत नाहीत, हेच त्यांचं वैशिष्ट्य. नोंदलेला सगळ्यात मोठा ब्लूगिल अलाबामातल्या केटोना तळ्यात १९५० साली मिळाला. वजन ४ पौंड १२ औंस, म्हणजे सव्वादोन किलोंच्या आत. यलो पर्चचा विक्रम तर न्यू जर्सीत १८६५ साली झाला आणि अजून कोणी मोडलेला नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत होतं, त्या वसंतात कोणाच्या तरी गळाला लागलेला ४ पौंड ३ औंसांचा पर्च दीडशेहून जास्त वर्षं गादीवर बसून आहे. आपल्या वाट्याला येणारे मासे पाव-अर्ध्या किलोचे. त्यांच्यासाठी ताकदवान काठी लागत नाही हे खरं. लहान काठी लागते हे मात्र त्यातून निघत नाही, आणि मी नेमका तिथेच घसरलो.

ती काठी मी ज्या कामाला जुंपली होती ते स्लिप फ्लोटचं. आता स्लिप फ्लोट, किंवा इथल्या बोलीत स्लिप बॉबर, म्हणजे काय ते पाहू. साधा बॉबर म्हणजे लाल-पांढरा प्लास्टिकचा गोळा. चिमट्यासारखी एक तार तंगूसाला पकडून ठेवते. मे महिन्यात मासे काठाशी, चार फूट पाण्यात विणीला आलेले असतात तेव्हा तो उत्तम. पण पाणी तापलं की ब्लूगिल पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, दहा-बारा फुटांवर उतरतात, आणि क्रॉपी तर खोल पाण्यात मध्येच अधांतरी उभे राहतात. आता बॉबर गरीच्या बारा फूट वर पकडला, तर काठीच्या टोकाखाली बारा फूट तंगूस लोंबणार. तो फेकायचा कसा? फेकला तरी मासा लागल्यावर बॉबर काठीच्या टोकाला येऊन अडणार आणि मासा बारा फूट दूर तडफडत राहणार.

स्लिप बॉबरला मधोमध आरपार भोक असतं आणि तंगूस त्यातून मोकळा सरकतो. हव्या त्या खोलीवर तंगूसावर जाड दोऱ्याची एक बारीक गाठ मारायची. गाठीखाली मणी, मण्याखाली बॉबर, त्याखाली शिशाचे दाणे आणि शेवटी गरी. रीळ फिरवलं की गाठ काठीच्या कड्यांतून आत येऊन रिळावर जाऊन बसते, बॉबर घसरून शिशापाशी येतो आणि टोकाखाली जेमतेम हातभर ऐवज उरतो. फेकल्यावर शिसं खाली निघतं, तंगूस बॉबरमधून सरसर ओढला जातो, गाठ मण्याला येऊन अडते आणि पाण्यावर आडवा पडलेला बॉबर ताठ उभा राहतो. ज्याने हे कधी पाहिलं नाही त्याला यातली गंमत लिहून सांगता येत नाही. बराच वेळ आडवाच राहिला तर समजायचं की आमिष तळाला टेकलंय किंवा गुंता झालाय. म्हणजे खोली मोजायची पट्टीही हीच.

माझी साडेपाच फुटी काठी घेऊन मी सेंट पॉलच्या फेलन तळ्यावरच्या धक्क्यावर बसलो. जूनची संध्याकाळ, पश्चिमेचा वारा. बॉबर बुडाला, मी मनगटाचा झटका दिला, हाती काही नाही. पुन्हा बुडाला, पुन्हा झटका, गरी रिकामी आणि गांडूळ गायब. नऊ वेळा झालं असेल. शेजारी एक वयस्कर बाई बसली होती. १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग लोकांची सेंट पॉलच्या त्या भागात मोठी वस्ती आहे, ती त्यांच्यातली. तिच्या हातात नऊ फुटांची, पिवळी, फायबरग्लासची, वेतासारखी लवणारी जुनी काठी. तिचा बॉबर बुडाला की ती झटका मारत नसे. देवापुढची समई उचलावी तशी काठी सावकाश वर नेई आणि काठी भरल्यासारखी वाकत जाई. माझ्या नऊ रिकाम्या झटक्यांत तिच्या बादलीत सात क्रॉपी पडले होते.

तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही कामापुरती. तिने माझी काठी हातात घेऊन हलवून पाहिली आणि तोंडाला पदर लावावा तसा हात लावून हसली. मग तिने बॉबरकडे बोट न दाखवता पाण्याकडे दाखवलं, माझ्या काठीच्या टोकापासून बॉबरपर्यंतच्या पाण्याकडे. तिथे माझा तंगूस वाऱ्याने वाकून भला मोठा धनुष्य होऊन पडला होता. मी पूर्ण वेळ बॉबर बघत होतो. तंगूस मी पाहिलाच नव्हता.

या पुस्तिकेत पुढे जे काही आहे ते त्या बोटाखालून निघालेलं आहे.

हाताच्या गरीत तंगूस सरळ असतो: बोट, शिसं, मासा, एक रेष. म्हणून बोटाला कळतं. बॉबर आला की ही रेष मोडते. काठीच्या टोकापासून बॉबरपर्यंत तंगूस पाण्यावर आडवा पडतो आणि बॉबरपासून खाली उभा जातो. मध्ये काटकोन. त्या काटकोनातून माशाची चाहूल बोटापर्यंत पोचत नाही, कितीही महागाची काठी घ्या. चाहूल घेण्याचं काम डोळ्यांनी करायचं असतं. ब्लूगिल टोचे मारतो तेव्हा बॉबर थरथरतो, मग तिरपा सरकतो. क्रॉपी अनेकदा खालून वर येत आमिष उचलतो, मग शिशाचा भार निघून जातो आणि बॉबर बुडण्याऐवजी वर उसळून आडवा होतो. नवशिक्याला वाटतं गरी तळाला लागली. ते सगळं पाण्यावर दिसतं. ‘जास्त कळणाऱ्या’ काठीसाठी मी जे पैसे मोजले होते ते अशा गोष्टीसाठी, जी गोष्ट काठी या पद्धतीत करतच नाही.

मग काठी करते काय? तंगूस उचलते. तुम्ही हात वर नेता तेव्हा ती हालचाल आधी पाण्यावरचा बाक सरळ करण्यात खर्च होते, मग पाण्याला चिकटलेला तंगूस सोडवण्यात, मग बॉबरपाशी मोडलेला कोन उघडण्यात. त्यातून उरेल ते गरीच्या वाट्याला. छोट्या काठीचं सगळं भांडवल पहिल्या दोन गोष्टींतच संपतं. हिशेब शाळेतला आहे. काठी आडवीची उभी केली की तिचं टोक वर्तुळाच्या पाव भागातून फिरतं. साडेपाच फुटी काठीचं टोक त्यात सुमारे साडेआठ फूट चालतं, आठ फुटीचं सुमारे साडेबारा. हात तोच, वेळ तोच, आणि चार फूट तंगूस जास्त गोळा झाला. माझे नऊ क्रॉपी त्या चार फुटांत होते.

लांब काठीचा दुसरा उपयोग मासा लागण्याच्या आधीचा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. टोक उंच धरलं की जवळचा तंगूस पाण्याला लागतच नाही. वाऱ्याने बाक आलाच तर काठी वर उचलून तंगूस हलकेच वाऱ्याच्या बाजूला टाकता येतो, बॉबर जागचा न हलता. आखूड काठीने हे करायला जावं तर बॉबर फरफटत येतो आणि त्याबरोबर आमिषही. अधांतरी उभ्या असलेल्या क्रॉपीला फरफटणारं आमिष आवडत नाही. वारा असताना ती बाई मिनिटा-दोन मिनिटांनी हे करत होती, लोकरीचं विणकाम करताना दोरा मोकळा करावा इतक्या सहज.

तर लांबी किती? मला काठावरून आणि धक्क्यावरून साडेसात ते नऊ फुटांत काम भागतं. एकच घ्यायची असेल तर आठ फुटी, दोन तुकड्यांची, गाडीत मावेल अशी. होडीत दोघं-तिघं बसणार असाल तर सात. मागे झाडांची दाटी असेल तर सातपेक्षा लांब काठीने फांद्याच धराल. दहा-बारा फुटी काठ्याही मिळतात, दक्षिणेत क्रॉपीसाठी त्या फार वापरतात, पण त्या बहुधा आमिष समोर सरळ बुडवून ठेवण्यासाठी. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती आठ फुटी काठी देऊ नये. ते मूल काठी सांभाळेल की बॉबर बघेल? त्याला लहान काठी, साधा बॉबर आणि काठाजवळचे भुके ब्लूगिल पुरतात. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून बसणाऱ्यांच्या हातभर काठ्यांचा हिशेब पूर्ण निराळा आहे. तिथे तंगूस पुन्हा सरळ उभा असतो आणि बोट पुन्हा शहाणं ठरतं. मालवणातून आलेल्या माणसाला जानेवारीत, उणे वीस अंशात, बर्फावर बसून घरी आल्यासारखं वाटावं हे विचित्र आहे, पण वाटतं.

लांबीनंतर मऊपणा. दांड्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि बरेच लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो: अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम अशा पायऱ्या. दुसरी म्हणजे ती कुठे वाकते: ‘फास्ट’ असेल तर फक्त टोकाकडे, ‘मॉडरेट’ असेल तर मध्यापर्यंत, ‘स्लो’ असेल तर थेट मुठीपर्यंत. दुकानदार फास्टची शिफारस करतात, कारण ती चटकन झटका देते. बॉबरसाठी मला मॉडरेट हवी. क्रॉपीच्या जबड्याभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की इथले लोक त्याला कागदी तोंडाचा म्हणतात. ताठ काठीने ओढलं की पडदा फाटून गरी मोकळी. मऊ काठी मध्यापर्यंत वाकते, माशाचे धक्के स्वतःत मुरवते आणि बारीक तंगूसालाही जपते. समई उचलल्यासारखं जे मी म्हटलं ते त्या बाईचं कसब होतं हे मान्य, पण अर्धं श्रेय पिवळ्या काठीचं.

मऊपणा फेकतानाही कामाला येतो. स्लिप बॉबरची जोडणी सटकन फेकली की गरी हवेतच वरच्या तंगूसाला अडकते आणि पाण्यात पडतो तो गुंता. इथे चेंडू फेकल्यासारखं फेकायचं नसतं, उसाची मोळी गाडीत टाकावी तसं सावकाश, कमानीने टाकायचं. पाण्याला लागायच्या आत रिळावर बोट टेकवून वेग मारायचा, म्हणजे शिसं आणि गरी बॉबरच्या पुढे जाऊन सरळ पडतात. ताठ, आखूड काठीने हे जमवायला वर्ष लागतं. लांब, मऊ काठीने एका दुपारी जमतं.

वजनाबद्दल एक चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. काठीवर फेकायचं वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ १/३२ ते १/८ औंस. माणूस म्हणतो, माझी गरी तर नखाएवढी. पण काठी गरी फेकत नाही, बॉबर, मणी, शिशाचे दाणे, गरी आणि गांडूळ मिळून सगळा संसार फेकते. १/३२ औंस म्हणजे ग्रॅमच्याही आत. मध्यम आकाराचा स्लिप बॉबर आणि तो उभा राहण्याइतकं शिसं मिळून सहज पाच-सहा ग्रॅम होतात. अल्ट्रालाइट काठीचं टोक त्या ओझ्याखाली आधीच लवलेलं असतं, मग त्यात फेकायला जोर उरत नाही. १/४ औंस, म्हणजे सात ग्रॅमपर्यंत झेपणारी लाइट काठी घ्या. एका कंपनीची लाइट दुसरीच्या मीडियम लाइटसारखी असू शकते, कारण यासाठी सर्वांनी मानलेलं एक माप नाही. तेव्हा अक्षरं वाचा, पण टोक कोणाला तरी धरायला सांगून स्वतः वाकवून बघा.

आता एक बारीकशी गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती आणि जिच्यापायी एक चांगली काठी मी विकून टाकली. काठीवरच्या कड्या. हल्ली वजन वाचवण्यासाठी खूप बारीक कड्यांच्या काठ्या निघाल्या आहेत. दिसायला सुबक, इतर कामांना छान. पण स्लिप बॉबरची गाठ प्रत्येक फेकीला त्या कड्यांतून आत-बाहेर करते. कडी बारीक असली की गाठ टोकाशीच खट्‌ करून अडते, फेक मध्येच खुंटते आणि अडकत-अडकत गाठ जागची सरकते. बारा फुटांवर बांधलेली खोली दहा होते आणि तुम्हाला कळतही नाही. टोकाची कडी जरा मोठ्या तोंडाचीच हवी. जुनी काठी विकत घेत असाल तर कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. आतल्या चिनी मातीच्या कड्याला तडा गेला असेल तर कापूस धाग्याने अडकतो. तोच तडा पुढे तंगूस कापतो. गाठीची टोकंही अगदी बुडापासून छाटू नका. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी राहू दिली तर ती आडवी होऊन कडीतून अलगद जातात. आखूड छाटलेलं टोक काट्यासारखं उभं राहून अडतं.

तंगूसाबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे एवढंच की चार पौंडी साधं नायलॉन घ्या. महागडं फ्लुरोकार्बन पाण्यात बुडतं, मग पाण्यावरून उचलायला जड जातं, आणि आपण तर सगळा खटाटोप उचलण्यासाठीच मांडलाय.

काठ्या कशापासून बनतात याचा इतिहास मला फार आवडतो. प्रकाशक परवानगी देतील तेवढाच सांगतो. दक्षिणेत खेड्यापाड्यांत लोक दहा-बारा फुटांचा सरळ बांबू घेऊन ब्लूगिल धरत. त्याला रीळ नसे, टोकाला तंगूस बांधला की झालं. म्हणजे पॅनफिशची मूळ काठी लांब आणि लवचीकच होती. आखूडपणा नंतर आला, दुकानातून. श्रीमंतांच्या काठ्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून बनत आणि त्यासाठी लागणारा टॉन्किन बांबू दक्षिण चीनमधून येई. १९५० च्या अखेरीस कोरियन युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि बांबू आटला. फायबरग्लास तोवर बाजारात आलंच होतं, त्याचं फावलं. ग्रॅफाइट आलं १९७० च्या दशकात. ते हलकं, ताठ आणि बोटाला जास्त सांगणारं. बोटाने धरायच्या माशांसाठी ते वरदान आहे. आपल्या कामाला जुनं, लवणारं, जरा जड फायबरग्लास अजूनही चालतं, आणि लांब काठीत वजन नको असेल तर मऊ बाकाचं ग्रॅफाइट. दोन्हींच्या मिश्रणाच्या काठ्याही मिळतात. पन्नास डॉलरच्या वर या कामासाठी कोणी जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बटण दाबून फेकायच्या बंद रिळाचीही एक कथा आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा गावी तेलविहिरींसाठी वेळेवर फुटणारे बॉम्ब बनवणारी ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’ होती. तिने १९४९ साली मासेमारीची रिळं बनवायला घेतली आणि तिच्या नावातून ‘झेबको’ हे नाव निघालं. अमेरिकेतल्या कित्येक मुलांचा पहिला मासा त्या रिळावर लागला आहे. स्लिप बॉबरसाठी मात्र उघड्या तोंडाचं स्पिनिंग रीळ बरं, कारण ती गाठ बंद रिळाच्या तोंडाशी कुरकुर करते.

१९५० साल या विषयात पुन्हा पुन्हा भेटतं. केटोनाचा ब्लूगिल त्याच वर्षीचा, बांबू आटला त्याच वर्षी, आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने डिंगेल-जॉन्सन कायदा केला. काठ्या, रिळं, गऱ्या यांवर उत्पादकाकडून कर घ्यायचा आणि तो पैसा राज्यांना मासे आणि तळी राखायला द्यायचा, असा तो कायदा. फेलनवरच्या धक्क्यासारखे सार्वजनिक धक्के, तळ्यांतल्या माशांची मोजदाद, असल्या कामांना त्यातून पैसा जातो. इथे परवाना काढताना आपली मंडळी कुरकुरतात, ‘तळं काय यांच्या बापाचं?’ तेव्हा मी हा कायदा सांगतो.

मिनेसोटात सोळा वर्षांखालच्या स्थानिक मुलांना परवाना लागत नाही. भारतातून उन्हाळ्यात आलेल्या आजोबांसाठी चोवीस तासांपासूनचे परवाने मिळतात. उघड्या पाण्यात एका माणसाला एकच गळ, बर्फात दोन. राज्यभराची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला वीस सनफिश आणि दहा क्रॉपी, पण कित्येक तळ्यांवर सनफिशची मर्यादा पाचवर आणली आहे. त्यामागचं कारण मला पटतं. ब्लूगिलचे मोठे नर गोल घरटी करून अंड्यांची राखण करतात. ते मोठे नर आपण वेचून नेले की लहान नरांना वाढण्याची गरज उरत नाही, ते कमी वयातच विणीला लागतात आणि आयुष्यभर खुजे राहतात. काही वर्षांनी तळं बोटभर ब्लूगिलनी भरतं. म्हणून विणीच्या दिवसांत घरट्यावरचा मोठा नर सोडून द्या, मधल्या आकाराचे घरी न्या.

आणि एका तळ्यातला मासा दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका, कितीही चांगल्या हेतूने. शिकागोच्या महापौरांनी १९६० साली जपानच्या युवराज अकिहितोंना ब्लूगिल भेट दिले. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक. खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून ते मासे जपानला गेले आणि बिवा तळ्यासह जपानभर पसरून तिथल्या माशांच्या मुळावर उठले. २००७ साली सम्राट अकिहितोंनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

खाण्याचं शेवटच्या प्रकरणात आहे. इथले लोक ब्लूगिलचे दोन बाजूंचे तुकडे काढून काटे फेकून देतात. आमच्या घरी खवले काढून, चिरे देऊन, हळद-तिखट-आगळ लावून रव्यात घोळवून अख्खा तव्यावर टाकतात. काटे बरेच असतात, पण मुडदुशा खात वाढलेल्या माणसाला काट्यांचं काय?

दुकानात जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. घरी दोन हात तंगूस घ्या, त्यावर पुढच्या प्रकरणात दाखवलेली गाठ बांधा, मणी ओवा आणि खिशात टाका. आठ फुटी काठी हाती आली की आधी तो तंगूस टोकाच्या कडीतून ओढून बघा. गाठ अडली तर काठी परत ठेवा, मग ती कितीही सुंदर असो. नाही अडली तर टोक दुकानातल्या मुलाच्या हातात द्या आणि सावकाश वर उचला. तो म्हणेल, ‘एवढ्या लहान माशासाठी एवढी लांब कशाला?’ त्याला फेलनच्या धक्क्यावर बोलवा, जूनमध्ये, पश्चिमेचा वारा सुटला की.